छाटून छाटून वेलगुलाब कुंडीएवढा होत नाही

पावसाळा सरत आला की बागकामाच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं सार असं: नर्सरीतून कुठलाही वेलगुलाब आणा, दहा इंची कुंडीत लावा, मागे चार फुटी ताटी उभी करा, तो आपोआप चढेल. फार वाढला की छाटत राहा. सात पानांची फांदी दिसली तर ती रानटी, मुळापासून उडवा. चहाचा चोथा आणि केळीची सालं घाला. ऊन नसलं तरी चालेल, फुलं बारा महिने.

यातली चार फुटी ताटी तेवढी ठीक आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

‘कुठलाही वेलगुलाब आणा, छाटत राहा म्हणजे लहान राहतो’

सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे आणि नेमकं तेच चुकीचं आहे. वेलगुलाब म्हणजे काही एकच झाड नव्हे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी १८८५ साली लावलेला पांढरा ‘लेडी बँक्स’ गुलाब आज आठ हजार चौरस फुटांहून मोठा मांडव व्यापून आहे. काटे नसतात म्हणून हीच जात कुंडीसाठी सुचवणारेही भेटतात! आता म्हणा, तो झाला टोकाचा नमुना. पण नर्सरीत ‘क्लायंबर’ म्हणून मिळणारं नेहमीचं रोपही दहा-बारा फूट सहज जातं.

त्यातले बरेचसे मूळचे झुडपी गुलाब असतात. झुडपाच्या एखाद्या फांदीत अचानक बदल होतो, ती लांबच लांब वाढू लागते, मग तिचेच डोळे (फुटायचे कोंब) दुसऱ्या गुलाबाच्या बुंध्यावर भरून, म्हणजे कलम करून, वेली रूप तयार करतात. ‘आइसबर्ग’ हा गुलाबाच्या नव्या जाती काढणाऱ्या जर्मनीच्या कोर्डेसचा १९५८चा झुडपी गुलाब. त्याचं वेली रूप इंग्लंडमध्ये १९६८ साली आलं. अशा रोपाची सुरुवातीलाच कडक छाटणी केली तर ते कधीकधी पुन्हा झुडपाच्या वळणावर जातं. म्हणजे वेलीचे पैसे मोजायचे आणि पदरात झुडूप!

बहुतेक वेळा मात्र उलटंच घडतं. वेलगुलाब आधी लांब काठ्या टाकतो. त्या काठ्या जरा जून झाल्या की त्यांच्यावर वीतभर आखूड फांद्या फुटतात आणि बहुतेक फुलं या आखूड फांद्यांवर येतात. तुम्ही काठीच उडवलीत की झाड पुन्हा काठी टाकण्याच्या मागे लागतं. तुम्ही पुन्हा उडवता, ते पुन्हा टाकतं. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या ‘अमेरिकन पिलर’, ‘डोरोथी पर्किन्स’ यांसारख्या जातींची फुलं तर आदल्या वर्षीच्या लाकडावर धरतात; तिथे अशी छाटणी म्हणजे पुढच्या बहरावरच कात्री.

तेव्हा आकार कात्रीवर सोपवू नका, रोप निवडतानाच ठरवा. चार फूट उंच आणि तीन फूट रुंद ताटीवर सहा-सात फुटी काठी पंख्यासारखी वळवून किंवा नागमोडी नेऊन आरामात बसते. बारा फुटी काठी कितीही मुरडली तरी बसत नाही. म्हणून पूर्ण वाढ सहा ते आठ फुटांत आटोपणारी, लहान फुलांची आणि पुन्हा पुन्हा फुलणारी जात शोधायची. ‘कॉकटेल’ ही फ्रान्सच्या मेयाँची १९५७ची जात मला यासाठी आवडते: एकेरी लाल फूल, मधे पिवळा डोळा, काठ्या बारीक. पांढऱ्यात इंग्लंडच्या पेंबर्टन यांचा १९१९चा ‘प्रॉस्पेरिटी’, घोसांनी फुलणारा. अगदी छोट्या फुलांची हौस असेल तर १९७५चा गुलाबी ‘जीन लाजॉय’. ही बटण गुलाबासारख्या फुलांची वेल आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांची चैन आहे. ख्रिस वॉर्नर यांनी १९९०च्या आसपास मुद्दाम अंगणातल्या कुंड्यांसाठीच वेलगुलाब काढले. त्यातला ‘लॉरा फोर्ड’ पिवळा, ‘वॉर्म वेलकम’ नारिंगी. दोन्ही साधारण सात फुटांचे आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फुलणारे.

नर्सरीत नावाची चिठ्ठी नसेल, किंवा असूनही भरवसा वाटत नसेल, तर काठी हातात घेऊन पाहा. पेन्सिलीएवढी बारीक आणि हलक्या हाताने वाकणारी असेल तर छोट्या ताटीला जमेल. अंगठ्याएवढी जाड आणि ताठ असेल तर ती वळवताना कट्कन मोडेल. ते रोप जमिनीत, भिंतीलगत लावायचं.

‘दहा इंची कुंडी पुरते, मुळं आवळली की फुलं जास्त’

हा बोगनवेलीचा नियम गुलाबाच्या गळ्यात बांधलाय. बोगनवेल कुंडीत आवळली, पाण्याची ओढ बसली की फुलते, हे खरं. गुलाब तसा नाही. त्याला मुळं पसरायला जागा हवी आणि ओल टिकायला माती हवी. दहा इंच रुंद आणि तितक्याच खोल सरळ कुंडीत जेमतेम तेरा लिटर माती मावते. सोळा इंचीत बावन्न, म्हणजे चौपट. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-जळगावकडच्या गच्चीवर तेरा लिटर माती दुपारपर्यंत कोरडीठाक होते आणि तापलेल्या, सुकलेल्या झाडावर लाल कोळी हल्ला चढवतो. सोळा इंचांच्या खाली जाऊ नका, अठरा मिळाली तर उत्तमच. ओल्या मातीसह तिचं वजन पन्नास किलोंच्या वर जातं, त्यामुळे ती ग्रिलवर न ठेवता जमिनीवर ठेवायची. ताटीही कुंडीत नुसती खुपसू नका, भिंतीला किंवा कठड्याला बांधा. पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात कुंडीसकट आडवी व्हायला नको.

‘ताटीवर तो आपोआप चढतो’

नाही चढत. कारल्यासारखे ताणे गुलाबाला नसतात आणि गोकर्णीसारखा तो विळखाही घालत नाही. रानात तो आकड्यांसारख्या काट्यांनी दुसऱ्या झुडपांत अडकत वर जातो. गुळगुळीत पट्ट्यांच्या ताटीवर काटे कुठे अडकणार? त्यामुळे बांधणी हे आपलं काम. जुन्या सुती साडीची चिंधी घ्यावी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास घालावा: एक वेढा ताटीला, दुसरा काठीला. काठ्या ताटीच्या भोकांतून आत-बाहेर विणू नयेत. वर्षभरात त्या जाड होतात, मग ताटी मोडल्याशिवाय सुटत नाहीत.

आणि काठी सरळ वर नेऊ नका, आडवी वळवा. शेंडा ताठ उभा असला की तिथून खाली उतरणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. मग शेंड्याला फुलांचा एक झुबका आणि खाली नुसते दांडके. तीच काठी कोवळी असताना आडवी बांधली की काही दिवसांतच तिच्यावरचे डोळे ओळीने लालसर टपोरे होऊ लागतात, आणि यातला जवळजवळ प्रत्येक डोळा म्हणजे फुलांची एक आखूड फांदी. छोट्या ताटीचा खरा फायदा हाच, ती तुम्हाला काठी आडवी करायला भाग पाडते.

‘सात पानं दिसली की फांदी रानटी, कापून टाका’

या सल्ल्याने सगळ्यांत जास्त नुकसान होतं. तो पूर्ण खोटा नाही म्हणूनच पसरतो. बहुतेक हायब्रिड टी, म्हणजे मोठ्या फुलांच्या नेहमीच्या झुडपी गुलाबांच्या पानात पाच छोटी पानं असतात. त्यांचा डोळा अनेकदा मल्टिफ्लोरा या रानगुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या रोपावर, भरलेला असतो आणि त्या खुंटाच्या पानात सात-नऊ. तिथे पानं मोजून बऱ्याचदा निभतं.

पण लहान फुलांच्या कितीतरी वेलगुलाबांच्या वंशातच मल्टिफ्लोरा किंवा विचुराना हा दुसरा रानगुलाब आहे. सात पानं हे त्यांचं घरचंच रूप. बुंध्यातून निघालेली तुकतुकीत, जोमदार नवी काठी म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांच्या फुलांची सोय, आणि लोक मोजून मापून नेमकी तीच कापतात. मल्टिफ्लोराच्या पानाच्या देठाशी पिसासारखी कातरलेली झालर असते, तिच्यावरून ओळखा, असंही सांगतात. तीही वंशातून उतरते, तेव्हा तो पुरावा धरू नका.

पानं मोजण्यापेक्षा बोटाने माती उकरा आणि फूट कुठून निघाली ते बघा. डोळा भरल्याची गाठ बुंध्यावर हाताला लागते. गाठीच्या वरून आली असेल तर फांदी तुमची, पानं सात असोत की नऊ. गाठीखालून आली असेल तर खुंटाची. ती कात्रीने न कापता बुडाशी धरून ओरबाडून काढा, म्हणजे तिथले डोळेही निघतात. रोप फाटे कलमाचं, म्हणजे फांदी मातीत खोचून केलेलं असेल तर गाठच नसते आणि येणारी प्रत्येक फूट अस्सल असते.

‘चहाचा चोथा, केळीची सालं पुरेत’

दूध-साखरेचा चोथा न धुता घातला की मुंग्या येतात, मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण. धुऊन, कंपोस्टमध्ये कुजवून घाला. बस. फुलणाऱ्या वेलीचं पोट मात्र तेवढ्याने भरत नाही. मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि बहराच्या दिवसांत मिश्रखताचा बेताचा हप्ता लागतो.

‘ऊन नसलं तरी बारा महिने फुलं’

रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच, सकाळचं असेल तर फार छान. सावलीत काठ्या लुकड्या होतात, पानांवर भुरी (पांढरी बुरशी) चढते. बारा महिन्यांचं म्हणाल तर आपल्याकडे बहर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर धरतो, आणि या छाटणीत मुख्य काठ्यांना हात लावायचा नाही. त्यांच्यावरच्या आखूड फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या आणि अगदी जुनी झालेली एखादी काठी बुडातून काढायची. थंडीभर फुलं, उन्हाळ्यात तुरळक, ऐन पावसात नावापुरती. पहिल्या वर्षी तर तेवढीही नाहीत, कारण रोप तेव्हा काठ्याच घडवत असतं.