‘खालचे काळे, वरचे ओले’ या रिव्ह्यूला आमचे उत्तर

नमस्कार,

आमच्या डिहायड्रेटरमध्ये, म्हणजे फळे-भाज्या वाळवण्याच्या मशीनमध्ये, घरच्या झाडांचे टोमॅटो ७० अंशांवर नऊ तास ठेवूनही खालच्या ट्रेमधले काळे पडले, वरचे ओलेच राहिले, आणि वाळले म्हणून बरणीत भरले त्यांना आठव्या दिवशी बुरशी आली, असे तुम्ही लिहिले आहे. शिवाय पुस्तिकेत ‘६ ते ८ तास’ छापले आहे, हेही. आधी पुस्तिकेचे बोलू, कारण तिथे चूक सरळसरळ आमची आहे. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असते. ६ मिलिमीटर जाडीच्या चकत्यांनाही ५७ ते ६० अंशांवर १० ते १२ तास सहज लागतात, अर्धे कापलेले टोमॅटो असतील तर त्याहून बरेच जास्त. ते पान आम्ही बदलत आहोत.

७० अंशांबद्दल मात्र आमचे मत वेगळे आहे. तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या फोटोतली कापलेली फोड पुन्हा एकदा पाहा. कडा काळपट आणि चिवट, मधला गर मात्र ओला, चकाकणारा. आच जास्त झाली की वरचा थर आधी कडक होतो आणि आतले पाणी आतच कोंडते. मग कितीही तास ठेवा, फोड बाहेरून करपत जाते, पण आतून वाळत नाही. बुरशीचे मूळ याच कोंडलेल्या पाण्यात आहे. त्यात फोडी बोटभर जाड आहेत आणि एकमेकींवर चढल्या आहेत. पाणी कापलेल्या बाजूने निघते, सालीतून जवळजवळ नाहीच. म्हणून अर्धे टोमॅटो ठेवताना कापलेली बाजू वर, आणि दोन फोडींमध्ये हवा खेळेल एवढी जागा. रसाळ जात असेल तर बिया आणि त्याभोवतीचा बुळबुळीत भाग चमच्याने काढून टाका, वेळ बराच वाचतो. लांबट, गरदार जातीला एवढा खटाटोप लागत नाही.

खालचे काळे, वरचे ओले हे कशामुळे? या मशीनचा पंखा आणि हीटर तळाशी आहेत. गरम, कोरडी हवा आधी खालच्या ट्रेला लागते आणि वर पोहोचेपर्यंत ओली झालेली असते. दर दोन-तीन तासांनी खालचा ट्रे वर आणि वरचा खाली करावाच लागतो. हे पुस्तिकेत आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की नसल्यासारखेच. खरे सांगायचे तर ट्रे फिरवण्याची कटकट नको असेल, तर पंखा मागच्या बाजूला असलेले मशीन तुम्हाला जास्त सोयीचे पडेल. आणि निम्मे वाळल्यावर रिकाम्या जागेत ताज्या फोडी भरू नका. त्यांची वाफ आधीच्या फोडींना पुन्हा ओले करते.

वाळले की नाही, हे गरम असताना कळत नाही. गरम फोड नेहमी मऊच लागते. दोन-चार फोडी बाहेर काढून दहा मिनिटे गार होऊ द्या, मग सर्वांत जाड फोड फाडून चिमटीत दाबा. चामड्यासारखी चिवट हवी, पाण्याचा थेंब दिसता कामा नये. एक किलोचे जेमतेम ६०-८० ग्रॅम उरतात. वजन याहून बरेच जास्त भरले, तर पाणी अजून आत आहे. नंतर काचेची बरणी दोन-तृतीयांशच भरा, झाकण घट्ट लावा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून दव दिसले की सगळे परत मशीनमध्ये. बुरशी आलेल्या बरणीतल्या ‘चांगल्या’ फोडी वेचून ठेवू नका, पूर्ण बरणी टाकून द्या.

उरलेल्या फोडी लसूण घालून तेलात बुडवून ओट्यावर ठेवणार असल्याचे तुम्ही लिहिले आहे. कृपया ते करू नका. अर्धवट वाळलेला टोमॅटो आणि कच्चा लसूण तेलाखाली गेले की हवा तुटते, आणि तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात. वास किंवा चव बदलेलच असे नाही. तेलात हवेच असतील तर थोडेच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. बाकीचे आधी नीट वाळवून कोरडेच ठेवा.

आता मशीनच बिघडले आहे का, हे पाहू. रिकामे मशीन ६० अंशांवर अर्धा तास चालवा. ओव्हनचा थर्मामीटर सर्वांत खालच्या ट्रेवर मधोमध ठेवा आणि पुढची १५ मिनिटे दर तीन मिनिटांनी आकडा लिहून घ्या. तापमान राखणारा थर्मोस्टॅट चालू-बंद होतो तसा आकडा थोडा वरखाली होणारच. पण सरासरी ६५ च्या वर किंवा ५५ च्या खाली गेली, तर दोष आमचा. ते पाच-सहा आकडे आणि ऑर्डर क्रमांक आम्हाला मेसेजमध्ये पाठवा, मशीन बदलून देऊ. परत पाठवण्याचा खर्चही आमच्याकडे.