तरुणांचा अडथळा न होता डिजिटल युवाकार्य कसं करावं

आठवड्यातून एकदा गोल करून बसायचं, गप्पा मारायच्या, आज कोण आलं नाही त्याची चौकशी करायची, असलं युवाकार्य करणारे अजून काही लोक आहेत. त्यांची कीव करा आणि पुढे चला. काम डिजिटल करायचं ठरवलंच आहे तर नीट करा. परवाच एका सत्रात मी ते इतक्या जवळून पाहिलं की हे लिहायलाच बसले. त्या सत्राकडे येतेच, आधी पूर्वतयारी.

पहिल्यांदा ग्रुप काढा. कशासाठी ते नंतर ठरेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, म्हणजे हजेरीच्या वहीत असतील नसतील तेवढे नंबर एका दमात घुसवता येतात. विचारायचं कुणालाच नाही. विचारलं की लोक नाही म्हणतात. सोळा वर्षांच्या मुलीचा नंबर शेकडो अनोळखी माणसांच्या हाती पडतो खरा, पण त्यालाच तर नेटवर्किंग म्हणतात. त्यातल्या कुणी रात्री साडेअकराला तिला ‘हाय, ओळखलंस का?’ पाठवलं, तर तो त्या दोघांचा खाजगी मामला. अ‍ॅडमिनने कशाला मध्ये पडा? मग ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग चालू करा. २०१८ पासून ही सोय आहे आणि युवा सहभागासाठी इतकी मोलाची सोय दुसरी नाही. हे सगळं झालं की ग्रुपला ‘युवा आवाज’ असं नाव द्या.

निर्णय मात्र लोकशाही पद्धतीने घ्या. पोल टाका: ‘शिबिर कधी घ्यायचं?’ पर्याय दोन, ‘शनिवारी’ आणि ‘शनिवारीच’. हॉल शनिवारचा आधीच बुक झालेला असावा.

फेसबुक पेज हवंच. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने १३ ते १७ वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा फेसबुक वापरणारे २०१४-१५ मध्ये ७१ टक्के होते आणि २०२२ मध्ये ३२ टक्के उरले. उरोत. मुलं गेली असली तरी विश्वस्त, माजी विश्वस्त आणि त्यांचे मेव्हणे अजून तिथेच आहेत. लाइक कोण देणार, मुलं?

क्यूआर कोड लावा. स्कॅन केल्यावर काय उघडतं ते बघत बसू नका.

ऑनलाइन व्याख्यानासाठी झूमचा मोफत प्लॅन उत्तम. ग्रुप मीटिंग ४० मिनिटांनी आपोआप तुटते. पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचं मनोगत आणि आभार त्यात बसतात. प्रश्नोत्तरांवर वेळ वाया जात नाही.

नोंदणीला गूगल फॉर्म. त्यात जे जे सुचेल ते विचारा: घरात माणसं किती, आईचं शिक्षण, आजारपण, ‘तुमच्या आयुष्यातील सर्वात मोठी समस्या (अनिवार्य)’. एक फाइल अपलोड करायलाही सांगा. त्यासाठी गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, म्हणजे आईच्या फोनवरून फॉर्म भरणारी मुलं एकतर तिथेच गळतात, नाहीतर आईच्या नावाने नोंदली जातात. उत्तरांच्या शीटला परवानगी ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी ठेवा आणि लिंक ग्रुपवर टाका. सर्वात मोठी समस्या सगळ्यांनी वाचली म्हणजे सामूहिक तोडगा निघतो.

आता रील. सगळं काम रीलसाठीच असतं, त्यामुळे हे नीट वाचा.

परवाच्या सत्रात एक मुलगा बोलायला लागला. हा महिनोन् महिने येत होता, भिंतीला टेकून बसायचा, नाव विचारलं तर तेवढंच सांगायचा. त्या दिवशी कुणीतरी परीक्षेचा विषय काढला आणि तो एकदम म्हणाला, ‘मी नापास झालोय, घरी माहीत नाही.’ सगळे गप्प. तो खाली बघत बोलत राहिला. रोज सकाळी कॉलेजला म्हणून निघतो, कुठे बसतो, संध्याकाळी घरी गेल्यावर काय सांगतो. चार वाक्यं झाली असतील. तेवढ्यात आमचे सोशल मीडिया सांभाळणारे गृहस्थ रिंग लाइट उचलून त्याच्यासमोर आले. ‘एक मिनिट भावा, मस्त बोलतोयस. फक्त सुरुवात कट झाली. ते पहिलं परत म्हणशील? आणि जरा इकडे बघून.’

मुलगा म्हणाला, ‘काही नाही. झालं माझं.’

उपदेशाचा भाग असा, की इथे खचून जायचं नाही. सगळ्यांना उभं करा, हात वर करायला लावा, ‘येस!’ म्हणून ओरडायला लावा. भिंतीला टेकलेला मुलगा फ्रेममध्ये येईल असं बघा, चेहऱ्यावर भाव छान होते. संध्याकाळच्या आत उडत्या चालीच्या संगीतावर रील टाका: ‘मनं मोकळी झाली!’ रात्री त्याच मुलाचा मेसेज येईल, ‘ताई, माझा चेहरा काढता येईल का, कॉलेजची मुलं विचारतायत.’ त्यावर ताईने त्या गृहस्थांना फोन करावा आणि गृहस्थांनी म्हणावं, ‘आत्ता नको, रीच चांगली चाललीय. आणि संमती घेतलीय की!’

घेतलीय. नोंदणीच्या फॉर्ममध्ये अगदी तळाशी एक चौकट आहे, ती उघडतानाच टिक केलेली येते. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती जपण्याच्या कायद्यात लिहिलंय की आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, आणि संमती देणं जितकं सोपं असेल तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. त्यासाठी कायदा कशाला लागतो कोण जाणे. पोरगा ‘काढा’ म्हणतोय, तर काढायचं. याच्यात कळायला अवघड काय आहे?

पण रील काढून टाकली तर अहवालात काय लिहिणार? ‘पोहोच: अमुक हजार.’ फेसबुक वर्षानुवर्षं तीन सेकंद चाललेल्या व्हिडिओला व्ह्यू म्हणत होतं. तीन सेकंद! तेवढ्यात त्या मुलाचं ‘मी नापास झालोय’ हे वाक्यसुद्धा जेमतेम पुरं होतं. असे तीन-तीन सेकंद गोळा करून त्यांना ‘लाभार्थी’ म्हणायचं, तक्ता करायचा, तो वर पाठवायचा. वरचेही तो घेतात, कारण त्यांनाही आणखी वर पाठवायचा असतो. एकालाही विचारावंसं वाटत नाही की पुढच्या आठवड्यात तो मुलगा आला का.

आला नाही.

आता उपरोध पुरे, मला सरळच बोलायचंय. फोन वाईट नाही. समोर बसून तोंड न उघडणारी कितीतरी मुलं रात्री मेसेजमध्ये मोठमोठे परिच्छेद लिहितात. चारचौघांत हात वर न करणारी मुलगी निनावी प्रश्नपेटीत नेमका प्रश्न टाकते. ज्यांना घरातून बाहेर पडता येत नाही ती व्हिडिओ कॉलवर येतात. हे सगळं मी पाहिलंय, म्हणूनच तुमचा एवढा राग येतो. एवढं हाताशी असून तुम्ही त्याचा उपयोग काय केलात, तर बॅनर लावायला.

रात्री येणाऱ्या मेसेजला उत्तर कोण देणार, किती वाजेपर्यंत देणार, हे कागदावर लिहून मुलांना सांगितलंय का? अल्पवयीन मुलांशी संस्थेच्या नंबरवरून बोलायचं, स्वतःच्या नाही, आणि ते संभाषण दुसऱ्या एका जबाबदार माणसाला दिसलं पाहिजे, हे तुमच्यात ठरलंय का? कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं तर पहिला फोन कुणाला करायचा? नाही ना माहीत? मग कसली स्ट्रॅटेजी करता? लोगोचा रंग ठरवायला तीन बैठका घेता, आणि पेजवर आलेल्या मेसेजला ‘संपर्काबद्दल धन्यवाद! आम्ही लवकरच उत्तर देऊ’ हे यंत्राने पाठवलेलं वाक्य, त्यानंतर शुकशुकाट. त्या पोराला वाटतं, वाचलं असेल कुणीतरी.

इन्स्टाग्रामवर अनोळखी खात्यांचे मेसेज ‘रिक्वेस्ट’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतात. तुमच्या संस्थेच्या खात्यावरचा तो कप्पा कुणी, कधी उघडला होता? आज उघडा. जुने असतील, लाज वाटेल, तरी एकेक वाचा आणि स्वतःच्या हाताने उत्तरं लिहा. आणि ती रील काढून टाका.