झाड कापणाऱ्यालाच सल्ला विचारायचा?

पावसाळ्याआधी फांद्या छाटून घ्या, अशी पालिकेची नोटीस सोसायटीत येण्याचा अवकाश, की 'ट्री कन्सल्टंट' उगवायला लागतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आलेल्या गृहस्थांनी गुलमोहराला दोन थापा मारल्या, "आतून पोकळ आहे, काढावाच लागेल" म्हणाले आणि त्याच दमात कापणीचं कोटेशन सेक्रेटरींच्या हातात ठेवलं. तपासणी म्हणे फुकट! पेव्हर ब्लॉक खोडाला भिडलेत, बुंध्याशी बुरशीची कडक तपकिरी चकती आलीय. ते बघायला साहेब वाकलेसुद्धा नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे. झाड पडलं की ज्याचं बिल निघतं, त्याला ते पाडू का म्हणून विचारू नये. सल्ल्याची फी वेगळी द्यावी.

आणि पात्रता विचारायला लाजू नये. बॉटनीची एमएस्सी चांगलीच, पण झाडाचं कुळ ओळखणं वेगळं आणि ही फांदी पार्किंगवर कोसळेल का ते सांगणं वेगळं. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर, म्हणजे आयएसए, या संस्थेचं 'सर्टिफाइड आर्बोरिस्ट' (आर्बोरिस्ट म्हणजे झाडांची निगा राखणारा जाणकार) प्रमाणपत्र आहे का बघा. त्यासाठी साधारण 3 वर्षांचा कामाचा अनुभव लागतो (संबंधित पदवी असेल तर कमी चालतो), वर परीक्षा. दर 3 वर्षांनी नूतनीकरण. धोका तपासायचा असेल तर त्यांचीच 'ट्रॅक' (TRAQ) ही वेगळी पात्रता आहे, ती 5 वर्षं चालते. कार्डावर काहीही छापता येतं. आयएसएच्या साइटवर नाव टाकून खात्री करा.

तरी एक प्रश्न मी विचारतोच: "पोकळ आहे, पण बाहेरचं चांगलं लाकूड किती जाड उरलंय?" पोकळ झाडही त्या बाहेरच्या कड्याच्या जोरावर वर्षानुवर्षं उभं राहू शकतं. जाणकार माणूस लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकेल, मुळांशी उकरून बघेल, गरज पडली तर यंत्राने मोजायला सांगेल आणि सगळं फोटोंसकट लेखी देईल. "शेंडा उडवू, हलकं होईल" म्हणणाऱ्याला मात्र चहा पाजून वाटेला लावा. शेंडा उडवला की तिथे कूज शिरते आणि नवे फुटवे कच्च्या जोडाचे येतात.

शिवाय कन्सल्टंटचा रिपोर्ट म्हणजे परवानगी नव्हे. 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही पालिकेची मंजुरी लागते. आमच्या कमिटीतल्या काहींना हे अजून पटत नाही, "झाड आपलं, जागा आपली" चालूच आहे.

मध्य उपनगरात 'ट्रॅक' असलेलं, मुदत न संपलेलं कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. फक्त करवतवाला सोबत आणणारा नको.