“संपकाळातला पगार कापता येत नाही”: फिरणाऱ्या निरोपाचा मुद्देसूद प्रतिवाद

विद्यापीठात किंवा अनुदानित महाविद्यालयात आंदोलनाची हाक आली की कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक निरोप हमखास फिरू लागतो. बऱ्याचदा तो संघटनेचे पदाधिकारीच पुढे पाठवतात. त्यातली विधानं साधारण अशी असतात: संप हा घटनेने दिलेला हक्क आहे, म्हणून त्या काळातला पगार कापता येत नाही. मस्टरवर सही करून फक्त परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तर पगाराला धक्का लागत नाही. सामुदायिक रजा म्हणजे संप नव्हे. आणि कपात झालीच, तर मागच्यासारखी परत मिळते.

रिक्त पदं, आश्वासित प्रगती योजना (बढती न मिळाल्यास ठराविक वर्षांनी वरची वेतनश्रेणी), जुनी पेन्शन या मागण्या रास्त आहेत आणि त्यांवर संघटनेशी मतभेद नाही. मतभेद आहे तो सभासदाला पगाराबद्दल चुकीची माहिती देऊन आंदोलनात उतरवण्यावर. वर दिलेल्यांपैकी एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही.

“संप हा मूलभूत हक्क आहे.”

घटनेच्या कलम १९(१)(ग) ने संघटना स्थापन करण्याचा हक्क दिला आहे. त्यात संपाचा हक्क आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात १९६१ सालीच सांगितलं. २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने लाखाहून अधिक संपकऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढलं, त्या टी. के. रंगराजन प्रकरणात न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांबाबत आणखी कडक भाषा वापरली. विद्यापीठाचे कर्मचारी सरकारी नोकर नाहीत, म्हणून तो निकाल आपल्याला तंतोतंत लागू होत नाही. पण “मूलभूत हक्क” म्हणायला त्यातून आधारही मिळत नाही. संप करता येतो, अनेकदा करावा लागतो. तो कायद्याने दिलेला, अटी घातलेला हक्क आहे.

“सर्वोच्च न्यायालयानेच संपकाळाचा पगार द्यायला सांगितलं आहे.”

इथे सहसा क्रॉम्प्टन ग्रीव्हज प्रकरणाचा १९७८ चा निकाल दिला जातो. निकाल खरा आहे, पण त्यानंतरचे दोन निकाल निरोपात नसतात. १९७७ मध्ये बँक ऑफ इंडियातल्या कर्मचाऱ्यांनी चार तासांचा संप केला. बँकेने आधी परिपत्रक काढून बजावलं होतं आणि नंतर अख्ख्या दिवसाचा पगार कापला. १९९० च्या केळावाला निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती कपात योग्य ठरवली. पुढे १९९४ मध्ये सिंडिकेट बँक विरुद्ध उमेश नायक या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सूत्र पक्कं केलं: संप कायदेशीर हवा आणि समर्थनीयही हवा, तरच त्या काळाचं वेतन मागता येतं. आणि तो तसा होता की नाही, हे औद्योगिक न्यायाधिकरणात पुराव्यानिशी ठरतं. थेट उच्च न्यायालयात रिट करून ते सहसा ठरत नाही.

यात आपल्या क्षेत्रापुरती मोठी मेख अशी की हे न्यायाधिकरण सर्वांसाठी खुलं नाही. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालाने शिक्षणसंस्थांना ‘उद्योग’ मानलं, त्यामुळे लिपिक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई हे ‘कामगार’ म्हणून औद्योगिक वाद मांडू शकले. शिक्षक मात्र ‘कामगार’ नाहीत. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या, ए. सुंदरम्बल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणजे ज्या क्रॉम्प्टन ग्रीव्हज निकालाच्या जोरावर शिक्षक आणि शिक्षकेतर अशा दोघांना एकच निरोप जातो, तो निकाल ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्याच्या दारातून शिक्षकाला आतच जाता येत नाही. संयुक्त कृती समितीच्या पत्रकात हा फरक एका ओळीतही न सांगणं ही गंभीर चूक आहे.

याच संदर्भात आंध्र प्रदेशाचं उदाहरणही फिरतं. तिथल्या सरकारने कोविडच्या सुरुवातीला मार्च आणि एप्रिल २०२० चे पगार-पेन्शन अंशतः पुढे ढकलले, आणि ८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने थकलेली रक्कम ६ टक्के व्याजाने द्यायला लावली. पण ते पगार काम केलेल्या लोकांचे होते. महाराष्ट्रातही मार्च २०२० चा पगार दोन टप्प्यांत दिला गेला: अ आणि ब वर्गाचा ५० टक्के, क वर्गाचा २५ टक्के भाग मागे ठेवला आणि ड वर्गाला पूर्ण पगार मिळाला. केलेल्या कामाचा पगार अडवणं आणि न केलेल्या कामाचा पगार न देणं, या दोन बाबी न्यायालयं वेगळ्या मोजतात. चुकीच्या वेतननिश्चितीमुळे जास्त दिल्या गेलेल्या पगाराच्या वसुलीचंही तसंच. क आणि ड वर्गातल्यांकडून किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्यांकडून अशी वसुली करू नये, असं २०१४ चा रफीक मसीह निकाल सांगतो. त्याचा संपाच्या कपातीशी काहीही संबंध नाही.

“सही करून फक्त परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाका, पगार पूर्ण मिळेल.”

सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे. राज्यातल्या प्राध्यापकांनी ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. शिकवणं थांबलेलं नव्हतं. तरी शासनाने ७१ दिवसांचं वेतन रोखलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या कामबंद आंदोलनाच्या मागण्यांतही त्याच ७१ दिवसांचा पगार होता. पाच वर्षं उलटूनही तो प्रश्न मागणीपत्रकातच होता.

आज तर परिस्थिती जास्त अवघड आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ प्रमाणे परीक्षा आणि मूल्यमापनाच्या कामात साहाय्य करणं हे शिक्षक आणि शिक्षकेतर दोघांवरही बंधनकारक आहे. नकार दिला तर ते गैरवर्तन ठरतं आणि शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे पूर्ण संपात पगार जातो. परीक्षेच्या बहिष्कारात पगारही जाऊ शकतो आणि वर दोषारोपपत्रही येऊ शकतं. ज्याला ‘सुरक्षित मार्ग’ म्हणून सुचवलं जातं, तोच जास्त धोक्याचा आहे. शिवाय केळावाला प्रकरणात चार तासांसाठी पूर्ण दिवस गेला, हे विसरता कामा नये. निकालाच्या आदल्या दिवशी गुणनोंदणीचं काम दोन तास बंद ठेवलं, तर प्रशासन तोच निकाल पुढे करणार.

“सामुदायिक नैमित्तिक रजा म्हणजे संप नव्हे.”

रजा हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर व्हावी लागते, हे रजा नियमांचं पहिलं तत्त्व आहे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली नैमित्तिक रजा ‘संप’ या व्याख्येतच घातली आहे. पूर्वी फक्त लोकोपयोगी सेवांना लागणारी संपाची नोटीस आता सर्व औद्योगिक आस्थापनांना लागते, किमान १४ दिवस आधी. नोटीस चुकली तर संप बेकायदा. आणि बेकायदा संपाच्या पगारावर उमेश नायक निकालानंतर वाद घालायलाही जागा उरत नाही.

“एक दिवसाचा संप, एक दिवसाचा पगार. एवढंच.”

एवढंच नाही. मूळ वेतन ३५,४०० रुपये आणि महागाई भत्ता ५५ टक्के धरू, म्हणजे १९,४७०. बेरीज ५४,८७०. घरभाडे भत्ता बाजूला ठेवू. एका दिवसाचा पगार महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागून निघतो: ३१ दिवसांच्या महिन्यात १,७७०, ३० दिवसांच्या महिन्यात १,८२९ आणि फेब्रुवारीत १,९६० रुपये. संपाची तारीख ठरवताना हा फरक कोणी बघत नाही.

आता ३० दिवसांच्या महिन्यात सात दिवस गेले असं धरा. १२,८०३ रुपये कापले जातील. पण हप्ते कमी होत नाहीत. पतपेढीचा १५,००० चा हप्ता, विम्याचे २,५०० आणि व्यवसाय कराचे २०० तसेच राहतात. फक्त राष्ट्रीय पेन्शन योजनेचं १० टक्के अंशदान घटतं. एरवी हाती ३१,६८३ येत असतील, तर त्या महिन्यात २०,१६० येतील. पगार २३ टक्क्यांनी कमी झाला, हातातली रक्कम ३६ टक्क्यांनी. शिवाय कापलेल्या पगारावरचं शासनाचं १४ टक्के अंशदान, म्हणजे सुमारे १,७९२ रुपये, पेन्शन खात्यात जमा होत नाही. ते पगारपत्रकात ठळक दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

दिवस मोजण्याची पद्धतही लक्षात घ्या. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यव्यापी संप झाला तो १४ ते २० तारखेपर्यंत, मंगळवार ते सोमवार. मध्ये शनिवार-रविवार आला. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयात काम पाचच दिवस बंद होतं, हिशेबात सात दिवस आले. सलग गैरहजेरीच्या मध्ये सापडलेली सुट्टी त्या गैरहजेरीतच धरली जाते. शुक्रवारी संपवून सोमवारी हजर झालं, तर शनिवार-रविवार वाचतो.

आणखी एक तरतूद १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी संगनमताने, सेवाशर्तींत लागणारी नोटीस न देता आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर नेमणुकीच्या अटींत तसं असल्यास आठ दिवसांपर्यंतचं वेतन नोटिशीच्या बदल्यात कापता येतं. म्हणून आपल्या नेमणूकपत्रातला नोटिशीचा परिच्छेद संपाआधी वाचून घ्यावा.

“मागच्या वेळी पगार परत मिळाला.”

२०२३ चा दाखला इथे दिला जातो. मार्चच्या अखेरीस शासनाने ते सात दिवस असाधारण रजा ठरवले, म्हणजे विनावेतन. ओरड झाल्यावर एप्रिलमध्ये ते अर्जित रजेत बसवायला मान्यता दिली. पगार मिळाला, हे खरं. पण तो कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या रजाखात्यातून मिळाला. अर्जित रजा निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंत रोखीत मिळते आणि ती त्या वेळच्या, म्हणजे वाढलेल्या, पगाराच्या दराने मिळते. सात दिवसांची किंमत आपणच दिली, फक्त पुढच्या तारखेला. दीर्घ सुट्टी उपभोगणाऱ्या शिक्षकांच्या खात्यात अर्जित रजा मुळातच कमी असते. आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, रोजंदारीवरचे आणि एजन्सीमार्फत आलेले कर्मचारी यांच्याकडे वळती करायला रजाच नाही. त्यांचा तास बुडाला की मानधन बुडालं, पुढचं सत्र मिळेल की नाही हा घोर वेगळाच. “पगार परत मिळतो” हे वाक्य त्यांना पाठवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

निरोपात असणारं आणखी एक विधान मात्र बरोबर आहे: प्रशासनाला मनमानी कपात करता येत नाही. केलेल्या कामापुरता लढा इथे देता येतो आणि जिंकताही येतो. वैद्यकीय रजेवर असलेल्याला, बाहेरगावी परीक्षा केंद्रावर नेमलेल्याला किंवा त्या दिवशी कामावर आलेल्याला सरसकट संपकरी धरलं जातं. नेहमीची चूक अशी होते की विभागाकडून गैरहजरांची नावं येण्याआधीच आस्थापना शाखा अख्ख्या विभागाची नोंद करते आणि देयक सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतनप्रणालीत तसंच चढतं. ते मंजूर झालं की दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या पुरवणी देयकावर जाते. म्हणून त्या दिवसाच्या मस्टरचा आणि बायोमेट्रिक नोंदीचा फोटो त्याच संध्याकाळी काढून ठेवावा, देयक तयार होण्याआधी विभागप्रमुखांमार्फत लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांक घ्यावा. सेवापुस्तकात त्या काळाची नोंद काय झाली, हेही बघावं. ‘असाधारण रजा’ आणि ‘अनधिकृत गैरहजेरी’ यांत सेवाखंडाचा, म्हणजे नोकरीत खंड धरला जाण्याचा, फरक पडू शकतो.

संघटनेने करायचं काम याहून मोठं आहे. संपनिधीबद्दल बोललं जातं, हिशेब मात्र मांडला जात नाही. ४०० सभासदांकडून महिना १०० रुपये घेतले, तर वर्षाला ४ लाख ८० हजार जमतात. वरच्या उदाहरणातल्या पगाराच्या ४०० जणांचा एकाच दिवसाचा पगार ७ लाख ३१ हजार होतो. म्हणजे सर्वांना भरपाई अशक्य आहे. पण २०,००० मूळ वेतनाच्या ८० जणांचा दिवसाचा पगार, महागाई भत्त्यासह, सुमारे ८२,७०० होतो, आणि तोच निधी त्यांना सुमारे पावणेसहा दिवस पुरतो. निधी फक्त सर्वांत कमी पगाराच्या सभासदांसाठी आणि कंत्राटी सहकाऱ्यांसाठी राखून ठेवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आधीच व्हायला हवा.

तडजोडीच्या बैठकीत “संपकाळाबाबत सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल” या वाक्यावर सही करून बाहेर पडू नये. त्या वाक्याने एक रुपयाही मिळत नाही. इतिवृत्तात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: संपकाळाच्या नेमक्या तारखा आणि मधल्या सुट्ट्या धरायच्या की नाहीत, तो काळ कोणत्या प्रकारच्या रजेत किंवा कोणत्या जादा कामाच्या बदल्यात नियमित होणार, रजा शिल्लक नसलेल्यांचं आणि तासिका तत्त्वावरच्यांचं काय, आणि सेवाखंड व वेतनवाढ यांवर परिणाम होणार नाही हे स्पष्ट शब्दांत. जादा कामाचा पर्याय विद्यापीठात खरोखर शक्य आहे. थांबलेलं मूल्यमापन रविवारी बसून पूर्ण करण्याच्या बदल्यात दिवस नियमित करून मागता येतात. त्यासाठी ही मागणी संपाच्या नोटिशीतच, पहिल्या दिवसापासून लिहिलेली असावी लागते.