गोल्डरेक, इटलीतली छोटी टीव्ही केंद्रं आणि आपली पोरं

जपानी ॲनिमे, म्हणजे तिथली कार्टून, जगभर पोचलं ते निव्वळ चित्रांच्या जोरावर, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. उरलेलं श्रेय परदेशातल्या लहानसहान टीव्ही केंद्रांचं आणि तिथल्या डबिंगवाल्यांचं आहे. इटलीचंच बघा.

जुलै 1976 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने स्थानिक पातळीवर खासगी टीव्हीला वाट मोकळी करून दिली. सरकारी ‘राय’ची मक्तेदारी संपली आणि गावोगावी केंद्रं निघाली. पण दाखवायचं काय? स्वतःचे कार्यक्रम काढायला पैसा नाही, आणि दिवसाचे तास तर भरायचेत. जपानी मालिका स्वस्त होत्या आणि त्यांचे ढीगभर भाग तयार होते. एक घेतली की कितीतरी दिवसांची संध्याकाळची चिंता मिटायची.

पोरांना वेड लावलं ते मात्र रायनेच. 1978 च्या फेब्रुवारीत ‘हायडी’ आली आणि 4 एप्रिलला ‘ग्रेंडायझर’ ही महाकाय यंत्रमानवाची मालिका, म्हणजे तिथला ‘गोल्डरेक’. मग खासगी केंद्रं तुटून पडली आणि क्रमाचा पार बोऱ्या वाजला. ‘ग्रेंडायझर’ ही खरं तर एकमेकींना जोडलेल्या तीन मालिकांतली शेवटची. जपानमध्ये ‘माझिंगर झेड’ 1972 चं, ‘ग्रेट माझिंगर’ 1974 चं, ‘ग्रेंडायझर’ 1975 चं. इटलीत तिसरं आधी, दुसरं 1979 मध्ये आणि पहिलं 1980 मध्ये! ‘गोल्डरेक’मध्ये नायकाचा जोडीदार म्हणून वावरणारा अल्कोर हाच मुळात पहिल्या मालिकेचा नायक, पण इटलीत त्या मालिकेत त्याचं नावही वेगळं. तरी पोरांचं काही अडलं नाही.

अडलं ते मोठ्यांचं. जानेवारी 1979 मध्ये सिल्वेरिओ कॉर्विसिएरी या खासदाराने ‘ला रेपुब्लिका’ या दैनिकात गोल्डरेकविरुद्ध लेख लिहिला. 1980 मध्ये इमोला गावच्या सहाशे पालकांनी या यंत्रमानवांविरुद्ध आवाज उठवला. त्या पालकांची मी टिंगल करणार नाही. कार्टून म्हणजे सरसकट चिमुरड्यांचं असं धरून थोराड पोरांच्या मालिकाही त्याच वेळेला लावल्या जात होत्या. त्यांची चूक एवढीच, की पडद्यावरची मारामारी त्यांना दिसली, पण मित्र गमावल्यावर रडणारा नायक दिसला नाही.

आणि गाणी! माझ्या मते खरी किमया तिथेच झाली. लुइजी अल्बेर्तेल्ली आणि विन्चे तेम्पेरा या कसलेल्या गीतकार-संगीतकार जोडीने गोल्डरेकसाठी अस्सल इटालियन गाणं रचलं. पोरांचं काम म्हणून हात आखडता घेतला नाही. पुढे क्रिस्तिना दावेना या गायिकेने शेकडो शीर्षकगीतं गायली. ‘किस मी लीचिया’ ही जपानी प्रेमकथा तर इतकी घरची झाली, की 1986 मध्ये इटलीने तिचा पुढचा भाग खऱ्या नटांना घेऊन स्वतःच काढला, आणि लीचिया झाली खुद्द दावेना. त्याआधीच राय आणि जपानी स्टुडिओ मिळून कुत्र्याच्या रूपातला शेरलॉक होम्स करत होते. त्यातले काही भाग नावाजलेले दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचे. तास भरायला आणलेला स्वस्त माल दहा वर्षांत कुठल्या कुठे गेला.

आपल्याकडेही हे एकदा घडलंय. 1993 चा दूरदर्शनवरचा ‘जंगल बुक’ जपानी होता, निप्पॉन ॲनिमेशनचा. पण गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. त्यानंतर मोगली परका राहीलच कसा?

म्हणूनच मला आज राग येतो. आमच्या सोसायटीतली मराठी घरांतली पोरं खेळताना भांडतात ते शिनचॅनच्या हिंदीत. हिंदीशी माझं वैर नाही, पण मराठी आवाज त्यांच्या कानावर पडतोच किती? सुधा करमरकर, रत्नाकर मतकरी यांनी बालरंगभूमी जिथे उभी केली, त्या भाषेत नट कमी नाहीत, गीतकार कमी नाहीत. बालनाट्यातली चार तयार पोरं आणि लहानांसाठी मनापासून लिहिणारा एक कवी बसवा, एखादी जुनी मालिका घ्या आणि शीर्षकगीतापासून सगळं मराठीत करा. मराठी वाहिन्यांची वेळापत्रकं ठरवणारं कुणी माझ्या मित्रयादीत असेल तर ही विनंती त्यांनाच आहे. रविवार सकाळचा अर्धा तास द्या.