न दिसलेलं भूत : एका प्रतिक्रियेला उत्तर

'जुना नाटकवाला' यांस,

स. न. वि. वि.

आमच्या फिल्म क्लबच्या मुलांनी केलेल्या भयपटाबद्दल मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा रागाने आणि एकदा चहा घेतल्यावर. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देते, नाहीतर मी सोयीचं तेवढंच उचललं असं व्हायचं. तुमचं म्हणणं असं : नऊ मिनिटांत भूत एकदाही दिसत नाही, आणि 'खिशात पैसे नसले की त्यालाच सायकॉलॉजिकल म्हणतात'. नऊ मिनिटांसाठी सात आठवडे कागद काळे करायला लावून मी मुलांचा उत्साह मारला, तुम्ही तर आठ दिवसांत नाटक उभं करत होतात. आणि सगळ्याचं खापर शेवटी त्या मुलीच्या डोक्यावर फोडलं, 'वेडी होती, सुटलो', हे निदान शिकवणाऱ्या बाईंनी तरी होऊ द्यायला नको होतं.

या तिसऱ्या मुद्द्याने त्या रात्री मला झोप लागू दिली नाही. त्याच्याकडे सावकाश येते.

ज्यांनी फिल्म पाहिलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. साताऱ्यात शिकायला आलेली एक मुलगी मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत एकटी राहते. आईला जाऊन वर्ष झालंय. रोज रात्री कुठून तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. तीन. 'तीन झाल्या की बंद कर गं,' असं आई स्वयंपाकघरातून ओरडायची, त्या तीन. मुलगी अंथरुणात पडल्या पडल्या मोजते आणि तिसरीनंतर झोपते. एका रात्री चौथी होते. मग पाचवी. ती उठून वाड्यातल्या एकेका बंद दाराला कान लावत फिरते. सगळीकडे सामसूम. खोलीत परत येते, उशीखाली हात घालते, तर कुकरची नुसती शिट्टी, ते वजन, हाताला लागतं. ती हात झटकते. शिट्टी गरम आहे.

आता पैशांचं. होय, नव्हते. एकूण खर्च सहा हजार चारशे, त्यातले निम्मे चहा-वडापावात गेले. पण पहिल्या खर्ड्यात भूत होतं, हे तुम्हाला ठाऊक नाही. पांढरी साडी, मोकळे केस, सगळं साग्रसंगीत. साडी तर एकीच्या आजीकडून आलीसुद्धा होती. म्हणजे भूत फुकटातच पडणार होतं. ते गेलं ते एका दुपारच्या गप्पांमुळे. मी सगळ्यांना विचारलं, घरात एकटं असताना तुम्ही खरंच कशाला घाबरलात? अकरा जणांपैकी एकानेही भूत सांगितलं नाही. कुणी म्हणालं, रात्री बाबांची गाडी वळणावर येईपर्यंतचा वेळ. कुणी म्हणालं, आपण बाथरूमचा नळ बंद केला होता आणि तो परत वाहायला लागला. आणि आमची दिग्दर्शिका म्हणाली, कुकर. तिच्या हॉस्टेलच्या मागे कुठल्याशा घरात अकरा वाजता कुकर लागायचा आणि तिला अर्धवट झोपेत वाटायचं, आपण घरीच आहोत. मग जाग यायची. त्या दोन-चार सेकंदांची ती फिल्म आहे. त्यात साडीचं भूत बसेना.

तरीही तुमचा टोमणा अगदीच खोटा नाही. न दाखवण्याची ही रीत पुष्कळदा कडकीतूनच आली आहे. आरकेओ स्टुडिओने १९४२ साली व्हॅल ल्यूटन या निर्मात्याला भयपट काढायला बसवलं ते दीड लाख डॉलरच्या आत भागवायचं या अटीवर. नावंही स्टुडिओच ठरवून देणार. त्यातला पहिला 'कॅट पीपल', बिबळ्या होणाऱ्या बाईची गोष्ट. त्यात दुसरीच एक बाई रात्री रस्त्याने चालली आहे, मागून टाचांचा आवाज येतोय. मग तो येईनासा होतो. आपण बिबळ्याची वाट बघत श्वास रोखून बसतो आणि फुस्सकन आवाज करत चौकटीत काय घुसतं, तर बस. साधी, प्रवासी बस. आजही अशा दचकवण्याला त्या बसचंच नाव आहे.

पण पुढचं ऐका. ल्यूटनच्या हाताखाली दिग्दर्शनाला लागलेला रॉबर्ट वाइज पुढे मोठा झाला, ऑस्कर घेऊन बसला, आणि १९६३ मध्ये त्याने 'द हाँटिंग' केला तेव्हा त्याच्या हाताशी दहा लाखांहून जास्त डॉलर होते. मनात आणलं असतं तर भुतांची अख्खी वरात काढली असती. त्याने काय केलं? एक लाकडी दार, बाहेर कुणीतरी असल्याची चाहूल, आणि ते दार श्वास घेतल्यासारखं आत फुगतं. बस्स. कडकीत शिकलेली गोष्ट त्याने पैसे आल्यावरही सोडली नाही. आणि तुम्ही तर नाटकवाले. विंगेत कडी वाजली की पहिल्या रांगेतली माणसं ताठ बसतात, तेव्हा रंगमंचावर दिसत काय असतं?

सात आठवड्यांचं म्हणाल तर मी निम्मी तुमच्या बाजूची आहे. आमच्या आखणीचा अभिमान मी फार मिरवू नये हे बरं, कारण तिच्यातच सगळ्यात मोठा विनोद घडला. वाडा रिकामा मिळावा म्हणून आम्ही दिवाळीची सुट्टी निवडली. मालक भाऊबीजेला पुण्याला. चौसष्ट शॉट्स कागदावर, कोणता शॉट कोणत्या दारात, कोणत्या शॉटला वेणी घातलेली आणि कोणत्याला सुटलेली, सगळा तक्ता भिंतीवर. आणि अकरा हुशार मुलं आणि एक फिजिक्सची बाई, यांच्यापैकी एकालाही सुचलं नाही की दिवाळीत फटाके वाजतात! भयाण शांततेतली फिल्म आणि बाहेर लवंगी माळा. शेवटी खोलीची रिकामी शांतता, जिला मुलं रूम टोन म्हणतात, ती आम्ही पहाटे साडेतीनला रेकॉर्ड केली. एक मिनिट सगळ्यांनी श्वास धरून उभं राहायचं. चार वेळा करावं लागलं, कारण तिसऱ्या वेळी कुणाला तरी हसू फुटलं आणि चौथीच्या आधी सगळ्यांनाच.

मात्र तो तक्ता नसता तर आम्ही पहिल्याच दिवशी घरी गेलो असतो. सकाळचं सगळं फूटेज वाया गेलं होतं. पडद्यावर काळे पट्टे वरून खाली सरकत होते. हे माझ्या विषयातलं, म्हणून जरा रेंगाळते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. चोकवाली जुनी ट्यूब त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायला कॅमेरा घेतो तो वेळ, एक पन्नासांश सेकंदावर बांधून ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन हेलकावे मावतात आणि चित्र शांत राहतं. मोबाईल ऑटोवर सोडला की तो मनाला येईल ते शटर घेतो आणि पट्टे धावायला लागतात. वर्गात हे मी वीस वर्षं शिकवते आणि लोकेशनवर मलाच आठवायला दुपार झाली. वाया गेलेले नऊ शॉट्स दुसऱ्या दिवशी कुठे कोंबायचे, हे तक्ता होता म्हणून पाच मिनिटांत ठरलं. नाहीतर अकरा जणांची अकरा मतं.

तुम्ही आठ दिवसांत पडदा उघडत होतात, हे मी मानते. पण तुमच्याकडे तालीम होती, आणि चूक झाली तर उद्याचा प्रयोग होता. आमच्याकडे वाड्याची किल्ली दोन दिवस होती.

नाटकावरून आठवलं. आमची नायिका एकांकिका स्पर्धांतून आलेली, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारी. पहिल्या टेकला चौथी शिट्टी झाली आणि तिने असं घाबरून दाखवलं की कॅमेऱ्यामागचा मुलगा म्हणाला, "ताई, मी इथेच आहे, दोन फुटांवर." मग दिग्दर्शिकेने तिला काहीच दाखवायला सांगितलं नाही. फक्त मनात सतरापासून उलटे आकडे मोज म्हणाली. बाकीचं काम शिट्टीने केलं. तुम्ही लिहिलंय की मुलीचा चेहरा 'कोरा' आहे. आहे. मुद्दाम ठेवलाय. चेहऱ्यात भीती बघणाऱ्याने आपली घालायची.

आवाजात मात्र मुलांनी मला मागे टाकलं. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की एकोणीस हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एकोणीस आवर्तनांचा, कानाला जवळजवळ ऐकूच न येणारा आवाज घातला की माणसाला आपोआप भीती वाटते. त्यामागे खरी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या विक टँडी या इंजिनिअरला प्रयोगशाळेत काम करताना डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसायची, अंगावर काटा यायचा. तलवारबाजीचं पातं शिकंज्यात अडकवून ठेवलं होतं, ते आपोआप थरथरताना दिसलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खोलीतला पंखा हवेत एकोणीसच्या आसपास आवर्तनांची लाट उभी करत होता. १९९८ मध्ये त्याने त्यावर शोधनिबंध लिहिला. मुलं खूश. मी विचारलं, तुमची फिल्म लोक कशावर बघणार? मोबाईलवर. मोबाईलचा स्पीकर एवढुसा, दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली गेला की त्याचा दम संपतो. तुमचं एकोणीस त्यातून निघणारच नाही.

मग त्यांनी काय केलं ते मला आवडलं. पहिल्या तीन शिट्ट्या त्यांनी लांबून घेतल्या, भिंतीपलीकडून, जिन्याखालून, एक तर शेजारच्या बोळातून. सगळ्या मळकट, घुमलेल्या. आणि चौथी घेतली त्याच खोलीत, माइकपासून वीतभर अंतरावर. आवाजाची पट्टी सारखी राहावी म्हणून कुकर तोच, शिट्टी तीच. तुम्हाला कदाचित कळलंही नसेल, पण चौथ्या शिट्टीला भिंतच नाही. ती कुणाच्या घरातून येत नाहीये. एकदा हेडफोन लावून ऐका.

आता तिसरं.

'वेडी' हा शब्द फिल्ममध्ये कुठेही नाही, तो तुमच्या प्रतिक्रियेत आहे. हे मी आधी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं आणि मग थांबले. तो शब्द तुमच्या मनात आला, तर तो आणला कुणी?

पहिल्या शेवटात, म्हणजे आम्ही शूटसुद्धा केलेल्या शेवटात, टेबलावर एक फाइल होती. तिच्यावर आजाराचं नाव होतं. कॅमेरा त्याच्यावर जाऊन थांबायचा आणि फिल्म संपायची. मला तो शेवट आवडला होता, हे कबूल करते. उलगडा झाल्यासारखा वाटायचा. कच्चा एडिट बघताना मागे बसलेला एक मुलगा, एरवी फार न बोलणारा, म्हणाला, "मॅडम, आमच्या घरात अशी फाइल आहे. तिला कुणी घाबरत नाही. ती कपाटात असते, रेशनकार्डाशेजारी." खोलीत कुणीच काही बोललं नाही. फाइल त्याच संध्याकाळी गेली. १९६०च्या 'सायको'च्या शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळं समजावून सांगतो, आणि मला तो भाग नेहमीच फुग्यातली हवा काढल्यासारखा वाटत आलाय. तरी मी तेच करायला निघाले होते, वर एका घरातलं दुखणं त्यासाठी वापरून.

पण फाइल गेली तरी खिडकीत ठेवलेली गोळ्यांची पट्टी राहिली. चार सेकंदांचा शॉट. एडिटिंगवाला काढू म्हणत होता, दिग्दर्शिका काढू म्हणत होती. राहू दे म्हणाले ती मी. "एखादा धागा नको का प्रेक्षकाला?" असं काहीसं बोलले. धागा नव्हता तो. तो उत्तराचा कागद होता, फाइलऐवजी पट्टीच्या रूपात. तुम्ही तो वाचलात आणि तुम्हाला जे उत्तर मिळालं ते आमच्याच फिल्ममध्ये होतं. त्या मुलीला आई आठवते, एवढंच दुखणं पुरेसं होतं. त्याला गोळी लागत नाही.

एक सांगते, बाजू घेते म्हणून नव्हे. शिट्टी गरम आहे, हा शॉट मुलांनी ठेवला तो तुमच्याच आक्षेपावरचा तोडगा म्हणून. तिच्या मनातलीच शिट्टी असती तर हाताला चटका कशाला बसला असता? आणि खरीच असती तर कुकर कुठे आहे? दोन्हीपैकी एकावर बोट ठेवता येऊ नये, असं त्यांना हवं होतं. माझ्या चार सेकंदांनी एका पारड्यात वजन टाकलं.

काल दिग्दर्शिकेला तुमची प्रतिक्रिया फोनवर वाचून दाखवली. पहिल्या दोन मुद्द्यांना ती हसली. तिसऱ्याला म्हणाली, "मी सांगितलं होतं तुम्हाला." एवढंच.

तर तो शॉट निघतोय. पण नुसता कापून चालत नाही, कारण तिसऱ्या शिट्टीची शेपटी त्याच्याखालून वाहते. तो काढला की चौथी शिट्टी चार सेकंद लवकर येते आणि सगळी मोजणी बिघडते. त्या जागी काय घालायचं यावर दिग्दर्शिका आणि एडिटिंगवाला यांचं भांडण चालू आहे. तिला रिकामी खिडकी हवी आहे, त्याला नुसता अंधार. आणि ज्या लॅपटॉपवर मूळ फाइल्स आहेत तो त्याची बहीण नागपूरला घेऊन गेली आहे. गुरुवारी परत येईल. नवी प्रत झाली की इथेच कळवते.