पंटर

आमच्या मुंबईत पंटर म्हणजे भाईच्या मागे बाईकवर बसणारा पोरगा नाहीतर सट्टा लावणारा, आणि क्रिकेटवाल्यांसाठी ऑस्ट्रेलियाचा रिकी पाँटिंग, कुत्र्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचा म्हणून त्याला हे नाव पडलं आणि २००३ च्या वर्ल्डकप फायनलला त्याने नाबाद १४० ठोकून आमचा रविवार नासवला. (आईने केलेलं श्रीखंड कोणी तोंडात घातलं नाही.)

तर परवा रात्री साडेनऊच्या कॉलवर अमेरिकेतला साहेब नव्या रिपोर्टबद्दल म्हणाला, "लेट्स पंट ऑन दॅट." मी आधी इंग्लंडच्या क्लायंटकडे होतो, तिथे टेक अ पंट म्हणजे होऊ दे खर्च, लावून बघू. त्यामुळे मी जोशात म्हटलं, "शुअर, आय विल पंट टुनाइट." साहेब दोन सेकंद गप्प, मग "ओके, ग्रेट."

झालं, मी पहाटे चारपर्यंत बसून अख्खा रिपोर्ट बनवला, सकाळी डोंबिवली फास्टमध्ये उभ्याउभ्या झोपलो आणि ठाण्याला उतरणाऱ्यांनी मला पण उतरवलं.

रात्री साहेब विचारतो, हे का केलंस, आपण तर पुढे ढकललं होतं ना? मग गुगल केलं. त्यांच्या फुटबॉलमध्ये, जो बहुतेक वेळ हातातच असतो, दहा यार्ड पुढे जायला चार चान्स मिळतात. तीन वाया गेले की चौथ्याला बहुतेक टीम रिस्क घेत नाहीत, बॉल लांब लाथाडून समोरच्या टीमला देऊन टाकतात. तो पंट. म्हणजे साहेबाकडे पंट केलं की जुगार टळला आणि इंग्लंडात पंट केलं की जुगार लागला, आणि दोघं म्हणणार आम्ही इंग्लिशच बोलतो. आपल्याकडे बघू म्हणतात, सोमवारपासून म्हणतात, गणपतीनंतर म्हणतात, कोणाची झोप जात नाही.

पण शब्द आवडला. रविवारी बायको म्हणाली, "अरे, माळा कधी आवरतोयस?"

म्हटलं, "पंट करू."

"म्हणजे?"

"म्हणजे बॉल लांब मारायचा, तो जातो समोरच्याकडे."

"समोरचं म्हणजे मीच ना?"

स्टूल तिनेच आणून ठेवलं. दोन तास झाले, माळ्यावरून गेल्या तीन वर्षांची मखरं निघालीत आणि एक कुकरची शिट्टी, ज्या कुकरची आहे तो कुकर आता आमच्याकडे नाही.